दाराशी लावलेलं काल-आज-उद्या

चिंगीच्या आईस,

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोकलाही गेला. तुझा फोन बंद लागतोय, म्हणून तिकडे निघालेल्या ड्रायव्हरभाऊंच्या हाती ही चिठ्ठी देतोय.

मागच्या खेपेला मी इथल्या बागेतलं जे झुडूप आणून दाराशी लावलं, ते वाचताक्षणी मुळासकट उपट. आधी चिंगीला शेजारच्या काकूंकडे दे.

घाबरू नकोस, सांगतो. त्याचं फूल काल जांभळं असतं, आज फिकट होतं, उद्या पांढरं. तिन्ही रंग एकाच फांदीवर, म्हणून नाव काल-आज-उद्या. मालकीणबाईंनी हा अर्थ सांगितला आणि मी खुळ्यासारखा भाळलो. बारा महिने हिरवं राहतं, चिंगीबरोबर वाढेल, असं वाटलं.

परवा बंगल्यातल्या कुत्र्याने त्याची फळं खाल्ली. अंगाला झटके, तोंडाला फेस. मी त्याला उचलून डॉक्टरकडे पळालो. डॉक्टर म्हणाले, "ते झाड विषारी आहे. माळी असून माहीत नाही?"

कुत्रा वाचला, आता उभा राहतोय. पण तेव्हापासून डोळ्यांसमोर सारखी चिंगीच येते.

चिंगी हल्ली दिसेल ते तोंडात घालते, असं तूच म्हणाली होतीस ना? आपल्या झुडपाला फळं धरली आहेत का?

उपटताना हाताला फडकं गुंडाळ. जाळू नकोस, खोल पुरून टाक.

मग लगेच ड्रायव्हरभाऊंच्या फोनवरून मला फोन लाव. रागाने तू माझ्याशी काही बोलली नाहीस तरी चालेल, मागे चिंगीचा दंगा ऐकू आला की पुरे.

तुझाच,
चिंगीचा बाबा