रत्नाक्काने ऐकून काय केलं

प्रिय मार्थामावशी,

सलाम.

तुम्ही गेलात त्याला तीन वर्षं झाली. तुमच्या दफनविधीला मी पाऊण तास बोललो, पण त्यानंतर तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण तुमचा एक नियम पाळल्यामुळे रत्नाक्काचं काम गेलंय. आणि ज्या बैठकीमुळे ते गेलं, तिथे मी समोर बसलो होतो. पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून.

आधी कपाटाचं सांगून टाकतो. चर्चमागच्या खोलीतलं तुमचं हिरवं लोखंडी कपाट काढलं. पुस्तकांना वाळवी लागली, असं चर्चच्या पंचांनी मंडळीला सांगितलं. खोटं! वाळवी एका खणाला होती. बाकीचे तीन खण कुणी उघडूनही पाहिले नाहीत. त्या जागी भिंतीवर आता एक चकचकीत फलक आहे : ‘विश्वास, न्याय आणि नेतृत्व यांत वाढण्यासाठी दहा पुस्तकं, सात पॉडकास्ट.’ खाली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, त्यावर मोबाइल धरायचा. उपासना संपली की लोक धरतात. मग चहाला जातात.

यादी कुणी केली, विचारा की! मी केली. पंच म्हणाले, “सर, सोलापुरात तुमच्याइतकं वाचलेलं कोण आहे?” झालं. सर फुगले.

यादी वाईट नाही, मावशी. त्यातली दोन पुस्तकं वाचताना मला स्वतःची लाज वाटली होती. पण लाज वाटणं ही आमच्याकडे आता करमणूक झालीय. एका पॉडकास्टमध्ये दोन गृहस्थ गरिबांबद्दल तासभर बोलतात, तेही इतक्या मऊ आवाजात, की ऐकता ऐकता आपणच गरिबांसाठी काहीतरी करून आलो असं वाटायला लागतं. सात रस्त्याच्या सिग्नलला आमची मंडळी गाडीच्या काचा वर करून न्याय ऐकते. काचेवर टकटक झाली तर आवाज वाढवते.

तुमचं कपाट किती छळायचं आम्हाला! पुस्तक न्यायला कुणालाही मुभा, परत करताना मात्र शुक्रवारच्या प्रार्थनासभेत उभं राहायचं, पुस्तक दोन्ही हातांत धरायचं आणि वाचून काय केलं ते सांगायचं. काय वाटलं ते नाही. काय केलं ते. केलं नसेल तर दुसरं पुस्तक नाही.

मी बावीस वर्षांचा होतो. क्षमेवरचं एक पुस्तक परत करताना असा काही बोललो की दोन बायका डोळे पुसायला लागल्या. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, “लई छान बोललास बघ, सुधाकर. भावाशी बोललास का?”

माझा थोरला भाऊ अकलूजला साखर कारखान्यात होता. दोन वर्षं आमचा अबोला.

“नाही,” मी म्हटलं.

“मग ने की ते पुस्तक घरी. अजून वाचून झालं न्हाय तुझं.”

सगळी खोली हसली. मला तुमचा इतका राग आला होता! चार महिने ते पुस्तक माझ्या उशाशी पडून होतं. शेवटी एका रविवारी एसटीत बसलो आणि गेलो. भावाने दार उघडलं आणि पहिलं वाक्य काय बोलला? “कोण मेलं?”

ते मी पुढच्या शुक्रवारी सांगितलं तेव्हा तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात आणि दुसरं पुस्तक दिलंत.

पण मावशी, एक तक्रार आहे, ती आज करतोच. हा नियम सगळ्यांना होता, एका अशोकला सोडून. त्याने नवा टॉवेलचा कारखाना काढला होता भवानी पेठेत. तो यायचा, पुस्तक टेबलावर ठेवायचा आणि दुसरं उचलायचा. कुणी कुरकुर केली तर तुम्ही म्हणायचात, “ऱ्हाऊ दे गं, कामात असतंय पोरगं.” चाळीस पुस्तकं वाचली त्याने अशी. एकाही पुस्तकासाठी तो उभा राहिला नाही. त्याचं काय झालं, सांगू? तो आता पंच आहे आणि दर बुधवारी संध्याकाळी ‘सेवक नेतृत्व’ शिकवतो.

गेल्या बुधवारी रत्नाक्का त्या बैठकीला आली. तीच, जिला तुम्ही वयाच्या तिशीत अक्षरओळख करून दिलीत. अशोकच्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते. शिवताना एका कानात इअरफोनचं बोंडूक, वर पदर, असं करून तिने आमच्या फलकावरचा तिसरा पॉडकास्ट ऐकला होता. सात दिवस ऐकत होती, तुकड्या-तुकड्यांनी. फलक लावल्यापासून यादीतलं काहीही पूर्ण ऐकलेली ती मला भेटलेली पहिली व्यक्ती. हे मी यादी करणारा सांगतोय!

अशोकने स्पीकरवर एक भाग ऐकवला, नेत्याने खाली वाकून सेवा कशी करावी याचा. मग विचारलं, “कुणाला काही शेअर करायचंय?” कुणाला ब्लेस्ड वाटलं होतं. कुणाला टच झालं होतं. एकीला शब्दच सुचत नव्हते आणि ती तेच पाच मिनिटं सांगत होती.

मग रत्नाक्का उठली. मोबाइल दोन्ही हातांत धरला. मावशी, पुस्तक धरायची तसाच! आम्ही तिघे-चौघे जुने लोक होतो, आम्हाला लगेच कळलं. आम्ही खाली बघितलं.

“मी न्यायावरचं ऐकलं,” ती म्हणाली. “ऐकून काय केलं ते सांगते. आमच्या खात्यात बायकांच्या संडासची किल्ली सुपरवायझरच्या खिशात असती. मागायची तर समद्यांम्होरं कारण सांगायचं. आमी चौदा बायका हाय. पोरी दिवसभर पाणी पीत न्हाईत. तर मंगळवारी मी त्याला म्हटलं, किल्ली खिळ्याला लावा. तो म्हणला, मालकांना विचार. मालक हितंच हाईत. अशोकदादा, लावू का खिळ्याला?”

अशोक हसला. “अक्का, हे शेअरिंग आहे. कारखान्याचं कारखान्यात बोलू की.”

“व्हय, पण मावशी म्हणायच्या...”

“मावशींचा काळ वेगळा होता, अक्का.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अशोकने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. सोलापुरात सर्वांत जास्त वाचलेला माणूस उठला आणि म्हणाला, “रत्नाक्कांची भावना आपण प्रार्थनेत ठेवू या.” आणि त्याने प्रार्थना केली. उत्तम केली. प्रार्थनेत ठेवणं किती सोयीचं असतं! तिथे ठेवलेलं परत न्यायला कुणी येत नाही.

गुरुवारी सकाळी सुपरवायझरने तिला गेटवरच थांबवलं. “मालकांनी सांगितलंय, काम कमी आहे.” तेरा बायका आत गेल्या. काम कमी आहे म्हणे! त्याच सकाळी मंडळीच्या ग्रुपवर अशोकने बैठकीचा फोटो टाकला, ‘धन्य संध्याकाळ’ असं लिहून. फोटोत रत्नाक्का उभी आहे, मोबाइल हातात धरून. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. त्यात एक जोडी माझी. गेटवर काय झालं ते मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण बुधवारी काय झालं ते तर ठाऊक होतं ना?

शुक्रवारी ती माझ्या घरी आली. रडली नाही, ओरडली नाही. खुर्चीच्या कडेवर बसून विचारलं, “सर, माझं काय चुकलं? ऐकल्यावर काय केलं ते सांगायचं नसतं का आता?”

न्याय या विषयावर मी पुण्या-नगरपर्यंत बोललोय, मावशी. लोकांनी टाळ्या वाजवल्यात. तिच्यापुढे मला घोटभर पाणीसुद्धा विचारायचं सुचलं नाही.

आज उपासनेनंतर अशोकला बाजूला घेतलं. म्हटलं, “तिला कामावर घे आणि किल्ली खिळ्याला लाव.”

तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “सर, तुम्ही पुस्तकातली माणसं. धंदा वेगळा असतो. आणि पुढच्या बुधवारी तुम्हीच बोला की, सहनशीलतेवर.”

चीड अशोकची आली, पण त्याहून जास्त या गोष्टीची आली की त्याला माझी खात्री होती. हा बोलेल, सुंदर बोलेल आणि घरी जाईल! वीस वर्षं जवळून बघून काढलेलं अनुमान होतं ते. ते चूक नव्हतं.

तिथून थेट रत्नाक्काकडे गेलो. म्हटलं, उद्या सकाळी आठला मी तुझ्याबरोबर गेटवर येतो. तेरा जणींना तिने निरोप दिला होता. पाच जणी ‘आम्ही पण थांबतो’ म्हणाल्यात. मला जोर चढला. सुपरवायझरला काय म्हणेन, अशोकला काय म्हणेन, पुढच्या रविवारी मंडळीपुढे काय म्हणेन, सगळं तिला तिथेच म्हणून दाखवायला लागलो.

तिने भाजी निवडता निवडता मान वर केली. “सर, तुमी बोलू नका.”

“का गं?”

“तुमी बोललात की समदे तुमच्याकडं बघत्यात. किल्लीकडं कुणी बघत न्हाय. तुमी नुसतं हुबं ऱ्हावा.”

मावशी, तर वचन देतो. उद्या आठ वाजता भवानी पेठेत मी त्या गेटसमोर असेन. बोलायचं ते रत्नाक्का बोलेल. गेट दुपारपर्यंत उघडलं नाही तर दुपारपर्यंत, परवा जावं लागलं तर परवा. ती म्हणाली तसा, तिच्या शेजारी, तोंड मिटून.

तुमचा,
सुधाकर