आडोशाची माती

१२ फेब्रुवारी

दाजींना झाडं डोळ्यांत खुपायला लागली आहेत! शेताच्या पश्चिमेची ती लांबलचक रांग – ताईनं लग्नानंतर वाऱ्याला आडोसा म्हणून स्वतः लावलेली. दाजी म्हणतात, सावलीत दोन सऱ्या फुकट जातात, कापा. ताई म्हणते, झाडं गेली की माती वाऱ्यावर जाईल. महिनाभर दोघांचा अबोला. शेवटी ठरलं – माती तपासून हा सांगेल ते खरं!

हा म्हणजे मी. माती तपासणी केंद्रात बावीस वर्षं. एरवी चहात साखर किती, हेही मला कुणी विचारत नाही.

१५ फेब्रुवारी

नमुने आणले. आठ खड्डे, एक पिशवी. दाजी बांधावरून ओरडत होते, "नीट खणा हो!" ज्यांना फावड्याची कुठली बाजू धरायची ते ठाऊक नाही, ते मला शिकवणार!

नियम असा, की शेतभर नागमोडी चालायचं, झाडाजवळची माती घ्यायचीच नाही. मीच शेतकऱ्यांना घसा फोडून सांगतो. पण ऊन काय होतं! झाडांच्या कडेकडेनं उरकलं. नियम लिहिणाऱ्याला एकदा उन्हात उभा करा म्हणावं.

१६ फेब्रुवारी

ताईनं जेवणाचा डबा पाठवला. लाच! खाल्ली.

२१ फेब्रुवारी

अहवाल दिला. माती रवाळ, भुसभुशीत, गांडुळं भरपूर. 'संपूर्ण शेताची माती उत्तम' असं ठसठशीत लिहिलं. वाटलं, ताई खूश होईल. दाजी वाचून म्हणाले, "माती एवढी धट्टीकट्टी, मग आडोसा हवाय कुणाला?"

घ्या! मी "तसं नाही दाजी..." म्हणालो, तोवर ते करवतवाल्याचा नंबर शोधत होते. ताईनं अहवाल घडी घालून कपाटात ठेवला.

२४ फेब्रुवारी

करवत सुरू झाली. निम्मी रांग आडवी.

२५ फेब्रुवारी

केंद्रात एक नवी मुलगी आलीय. चष्मा जाड, शंका त्याहून जाड. परवा माझा अहवाल वाचून म्हणाली, "काका, एवढ्या शेतात कुठेच फरक नाही?" काल स्कूटर काढून स्वतः जाऊन आली. दोन ढेकळं आणली – एक झाडांजवळचं, एक पार पूर्वेच्या उघड्या टोकाचं. पाण्याच्या दोन ग्लासांत सोडली. झाडांजवळचं ठाण मांडून बसलं. दुसऱ्याचा दोन मिनिटांत चिखल!

"पाला आणि मुळं माती बांधून ठेवतात काका, वाराही अडतो. झाडं गेली की सगळं शेत या दुसऱ्या ग्लासासारखं." ही रांगत होती तेव्हापासून मी माती चाळतोय! पण ग्लास समोरच होता. मग विचारलंन, "तुम्ही नमुना कुठून घेतलात?"

चष्म्यातून बघत होती. मी फाइल शोधायला गेलो.

२६ फेब्रुवारी

दाजींना फोन करायचा. 'चूक माझी, कापणं थांबवा.' चार शब्द. निम्मी झाडं अजून उभी आहेत.

२७ फेब्रुवारी

केला नाही. साहेबांची तपासणी होती. (तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.)

२८ फेब्रुवारी

केला! दाजी म्हणाले, "तुमच्यामुळे घरातलं भांडण मिटलं बघा." मी म्हणालो, "कसचं कसचं!" आणि फोन ठेवला. बावीस वर्षांचा अनुभव!

१ मार्च

शेवटचं झाड आज पडलं. ताईचा फोन आला. म्हणाली, "दुसऱ्या कुणी लिहिलं असतं ना, तर करवतीपुढे उभी राहिले असते रे. पण तू लिहिलं होतंस."