बाटलीतली अर्धी

३ मार्च
आज पुन्हा नवरा घरी बाटली आणून झिंगला. सासूबाई म्हणाल्या, "गोडीगुलाबीनं सांग गं." सांगितलं! रडून सांगितलं, भांडून सांगितलं, मुलीची शपथ घातली — पालथ्या घड्यावर पाणी. वेल्डिंगचं काम त्याचं. असा हात थरथरला तर एक दिवस डोळा जाईल, नाहीतर जीव.

४ मार्च
युक्ती सुचली. बाटली रोज येणारच. त्यातली अर्धी मीच संपवली तर? तेवढी तरी त्याच्या पोटात कमी जाईल. दुसरी आणायला उठायचा त्याला आळस.

५ मार्च
शी! रॉकेल परवडलं. नाक दाबून प्यायले. तो हसून हसून लोळला. "बायको असावी तर अशी!" हस म्हणावं. अर्धीच मिळाली ना?

२१ मार्च
लागू पडली युक्ती! या आठवड्यात कामावर एकही खाडा नाही. सासूबाईंना वाटतं, गोडीगुलाबीचा गुण. वाटू दे. आता तितकीशी कडू लागत नाही. झोप मात्र छान लागते.

११ एप्रिल
आज शिवणाच्या कारखान्यात माझ्या हातून शर्टांची काजं तिरकी गेली. मास्तर सगळ्यांदेखत ओरडले, "लक्ष कुठं असतं तुमचं?" सकाळी हात कापतो जरा. अशक्तपणा असणार. घरी येऊन घोटभर घेतल्यावर थांबला.

२ मे
नवऱ्याला कामावरच रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, "यापुढे थेंबभर जरी घेतलीत तर माझ्याकडे येऊ नका." मुलगी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "सोडली."
देवाचे आभार मानले. अगदी मनापासून. मग ही चिडचिड कसली होतेय मला? संध्याकाळ सरता सरत नाही.

२० मे
खरंच सोडली त्यानं! घामानं भिजतो, दातओठ खातो, पण शिवत नाही. सासूबाई येईल त्याला कौतुक सांगत सुटल्यात.
आज कोपऱ्यावरच्या दुकानातून मी बाटली आणली. नवऱ्याला हवीय म्हणून सांगितलं. त्या बिचाऱ्याच्या नावावर! धुण्याच्या पावडरीच्या डब्यामागे ठेवलीय. अर्धीच घेणार होते.

६ जून
वेणी घालत होते. मुलगी मान वळवून म्हणाली, "आई, तुझ्या तोंडाला बाबांचा वास येतो." फाडकन मुस्काटात मारली. आजवर तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं मी. रडली नाही ती. उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी डोक्यात एकच — डब्यामागे किती उरलीय?

९ जून
दारू सोडलेल्यांच्या सभेला गेलो. खुर्च्या गोल मांडलेल्या. एक म्हातारे गृहस्थ उठून नवऱ्याला म्हणाले, "या दादा, बसा. लाजू नका."
त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. म्हणाला, "हिला आणलंय."