तळघरातली फटफट

हिंटरवीझन, १८ सप्टेंबर

तीर्थरूप लोरेन्त्समामांना गॉटफ्रीडचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि गाभण डुकरीण, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही अजून जिवंत आहोत. ‘अजून’ हा शब्द मी विचार करून लिहिलाय.

यंदा तुम्ही बिअरची पाळी माझ्या हवाली केलीत आणि बजावलंत, की घराण्याचं नाव घालवू नकोस. त्याप्रमाणे गावच्या सामायिक बिअरघरातून कच्ची बिअर ओढगाडीवरून आणली, आपल्या तळघरातल्या पिंपात ओतली आणि आंबायला ठेवली. आठ दिवस हात लावायचा नाही हे मला पाठ होतं. पण चौथ्या दिवशी अशी थंडी पडली (आमच्या हिने, कुनीने, लोकरी मोजे पेटीतून बाहेर काढले, यावरून समजा) की पिंपातला फेस पार बसला. मला वाटलं, झालं काम. साठ बाटल्या भरल्या, झाकणांच्या तारेच्या कड्या घट्ट दाबल्या आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. दोन दिवसांनी नेहमीचा म्हातारीचा उन्हाळा आला आणि हिवाळ्याआधीची चार दिवसांची ऊब पुन्हा पडली. मामा, बिअर आंबून झालीच नव्हती, गारठ्याने नुसती डुलकी घेत होती. ती आता बाटलीत जागी झाली.

गेल्या आठवड्यात मंगळवारी जेवताना पहिली फुटली. मग दुसरी, मग तिसरी. तेव्हापासून माझा मुक्काम लाकडांच्या छपरीत, घरापासून चाळीस पावलांवर (मोजून). खोटं कशाला बोलू, मी घाबरलोय. बाटल्यांना तर घाबरलोयच, त्याहून जास्त तुम्हाला. रविवारी चर्चची जत्रा, पहिला पेला यंदा आपल्या घरचा, सगळं गाव दारात उभं राहणार. त्यांना काय काचा वाटू?

कुनीची मात्र कमाल आहे. बटाटे तळघरात, म्हणून ती रोज संध्याकाळी खाली उतरते. अग्निशमन दलातलं माझं जुनं हेल्मेट दिलं तर म्हणाली, “तूच घाल, छपरीवर अक्रोड पडतात.” सोबतीला शेजारच्या इर्मगार्डकाकू जपमाळ घेऊन जातात. चार बटाट्यांना दोघींना तास लागतो. तेवढ्यात फट्. थोड्या वेळाने पुन्हा फट्. मी डोळे मिटून मोजतो, रोजच्या दोन तरी जातात. मग दोघींचा आवाज येतो, हसल्यासारखा. अती भीतीने माणसाचं असं होतं म्हणतात. वर येतात तेव्हा चेहरे लाल आणि पाय लटपटत असतात बिचाऱ्यांचे.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
गॉटफ्रीड

ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच, की शनिवारी या आणि तळघराचं दार तुम्हीच उघडा. तुमचं सगळं बघून झालंय, माझं अजून व्हायचंय.

आणखी एक ता. क. मामा, मी कुनी. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. मंगळवारीच खाली जाऊन मी सगळ्या कड्या उघडल्या, आत कोंडलेला वारा जाऊ दिला आणि पुन्हा लावल्या. फुटल्या त्या तीनच. नंतरचे फट् म्हणजे आम्ही दोघी रोज उघडतो त्या. तुमच्या हातची बिअर मी तीस वर्षं प्याले, म्हणून स्पष्ट सांगते, ह्याची तुमच्यापेक्षा सरस झालीय. हे त्याला रविवारी गावादेखत तुम्हीच सांगा. तोवर अवाक्षर काढू नका. भीतीपायी त्याने हिवाळ्याची सगळी लाकडं फोडून रचलीत, आता फक्त छपरी शाकारायची राहिलीय.