ओल्या जमिनीचा गुन्हेगार

तीर्थस्वरूप उत्तमराव भाऊसाहेब यांना धाकटा साडू खुशालराव याचा मोर्शीकडून रामराम. अकोल्यात थंडी कशी आहे, तुमचा गुडघा कसा आहे, आणि ताईंनी मीठ खरंच कमी केलं की फक्त डॉक्टरांना तसं सांगितलं? इकडे तुमची मेहुणी माणिकबाई ठणठणीत आहे. मी नाही.

संत्र्याला पाणी कधी द्यायचं ते सांगणारं यंत्र परदेशातल्या एका संस्थेने आमच्या बागेत बसवलं आहे. (माझीच बाग का, तर त्यांना कमी शिकलेला शेतकरी हवा होता, आणि सातवी नापास म्हणून हात वर करणारा मी एकटाच निघालो.) जमिनीत दोन सळया, वर एक डबी. त्यांची पद्धत अशी की यंत्र अर्धंच तयार करून आणायचं, दर पंधरा दिवसांनी येऊन डबीवरचा आकडा वाचायचा, शेतकऱ्याला विचारायचं आणि चुकलं ते सुधारायचं. सभा उभ्यानेच घ्यायची, म्हणजे लवकर संपते. माणिकबाईला ते पाहवेना. पाहुणे उभे ठेवायचे म्हणजे काय! तिने शेजारपाजारच्या खुर्च्या आणल्या, पोहे केले, आणि पंधरा मिनिटांची सभा दोन तास चालली.

आता खरं दुखणं. झाडं तहानली की फुलं भरपूर धरतात, म्हणून बहारासाठी आम्ही बागेचं पाणी तोडलं होतं. पानं वळायला लागली, तरी ते आले की डबी म्हणे जमीन ओली. नितेश, म्हणजे त्यांचा अकोल्याचा इंजिनियर, दर वेळी विचारी, "आबाजी, कसं वाटून राहिलं?" घरी आलेल्या माणसाच्या वस्तूला नावं कशी ठेवायची? मी म्हणे, "लय छान." पहिल्या खेपेला त्यांनी सळया बदलल्या, दुसऱ्या खेपेला डबी, आणि तिसऱ्या खेपेला आमच्या काळ्या मातीवरच संशय घेऊन ती पिशवीत भरून नेली. केनियात म्हणे हेच यंत्र बिनचूक चालतं. येत्या सोमवारी संस्थेच्या मोठ्या मॅडम येणार. तेव्हाही चुकलं तर इथलं काम बंद आणि नितेश घरी. त्या पोराचं लग्न ठरलं आहे हो.

भाऊसाहेब, चूक यंत्राची नाही, मातीचीही नाही. पाहुणे येणार म्हणून दर खेपेला सकाळी मी डबीभोवती सडा टाकत होतो. धूळ बसावी, जागा बरी दिसावी, एवढंच. दोन बादल्या. (तिसऱ्या खेपेला तीन, कारण फोटो काढणारा येणार होता.) परवा सोमवारची तालीम म्हणून पुन्हा सडा टाकायला निघालो, तर माणिकबाईने हातातली बादली पाहिली आणि म्हणाली, "तुमी त्या मशीनले आंघोळ घालून राहिले काय?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून त्या बादलीला मी हात लावलेला नाही.

आपला,
खुशालराव

ता. क. तुम्ही कृषी विद्यापीठात पस्तीस वर्षं काढली. (शिपाई होता हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही.) सोमवारी या, डबीकडे जरा वेळ गंभीरपणे बघा, आणि चूक तुम्हीच शोधल्यासारखं सांगा. माझं नाव नको. शेजारच्या म्हशीवर ढकला.

आणखी एक ता. क. पत्र पेटीत टाकायच्या आधीच नितेश आला, आणि त्याचं उतरलेलं तोंड पाहून मी सगळं सांगून मोकळा झालो. तो तिथेच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसला. मला वाटलं रडतो, तर हसत होता. "आबाजी, हे पहिल्याच खेपेले काहून नाही सांगतलं?" मी म्हटलं, "तू मशीनचं विचारलं, बादलीचं कुठी विचारलं?" त्याने तिथूनच मॅडमना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत, उलट काम चालू ठेवा म्हणाल्या. पण सोमवारी सगळ्यांसमोर, केनियावाले पडद्यावर बघत असताना, मी सडा कसा टाकतो ते करून दाखवायचं आहे. तेव्हा याच. बादली तुम्ही धरा.