भरदिवसाचा दिवा

मु. अकोला, श्रावण वद्य दशमी, शके १७८७

चि. चंद्रभान यास पुंजारामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक. तुझ्या वांग्यांच्या वाफ्यांत पाणी साचले होते, ते उतरले का ते कळव.

गेल्या सोमवारी पहाटे मी राजेश्वराचे दर्शन घेतले, दमणीला बैल जुंपले आणि तुझ्याकडे बाळापूरच्या वाटेला लागलो. तू म्हणशील, मग दादा घरी आला कुठे? तेच सांगायला बसलो आहे. पण आधी बाजाराचे लिहितो.

समुद्रापलीकडची लढाई मिटली. तिकडचा कापूस पुन्हा विलायतेला जाणार अशी बातमी आली आणि इथला भाव निम्म्यावर उतरला. चढ्या भावाने घेतलेल्या माझ्या ऐंशी गाठी वखारीत पडून आहेत. लोकांनी माझ्याकडे ठेवलेला पैसा त्या गाठींत गेला. रोज कोणी ना कोणी गादीशी येऊन बसतो, पान खातो आणि काही न मागता उठून जातो. त्या न मागण्याचीच मला जास्त धडकी भरते.

मी भगवंतरावांकडे गेलो. पेठेतले जुने आडते, पंचांतले एक. दिवा लावावा का, म्हणून विचारले. तुला आपल्या पेठेचा रिवाज ठाऊक आहे. ज्याला देणे झेपत नाही, त्याने गादी गुंडाळून दुकानात भरदिवसा दिवा लावायचा. मग उरलेसुरले पंच ताब्यात घेतात आणि सगळ्यांना सारखे वाटतात.

मी म्हटले, "दिवा लावतो. पण मंग खाऊ काय?"

"दलाली बंद," ते म्हणाले. "तुह्या शब्दावर कोनी कापूस घालनार नाही. काट्याले हात लावू देनार नाही. माह्या वखारीत ये, कापसातला कचरा येचाले. चार आने रोज. त्यातला एक आना पंचाकडे, देनं फिटेपर्यंत."

"बायांच्या रांगेत बसू?"

"बायाइले पोट नसते का, पुंजाराम?"

चंद्रभान, मला बोटांनी धागा ओढून कापसाची प्रत सांगता येते. दुसरे काही येत नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाची तीच बोटे उद्या कचरा वेचतील, त्याचे मला इतके भय वाटले की घरी येऊन जेवण गेले नाही.

तुझी वहिनी म्हणाली, "दिवा लावाच्या आंधी भावजीचे तीनशे देऊन या. सख्ख्या भावाले बुडवता अन् परक्याले वाटता? काहून?"

गल्ल्यात तेवढेच रोख होते. तू विहिरीसाठी ठेवलेले तीनशे रुपये. मी ते फडक्यात बांधले, दमणीत कडब्याखाली दडवले आणि सोमवारी निघालो. देवाला काय सांगून निघालो, ते विचारू नकोस.

वाटेत माणिकबाई भेटली. बाजारात भाजी विकते ती म्हातारी. व्याळ्याला घरी चालली होती. भावाकडे चाललो आहे म्हणालो आणि तिला वर घेतले. ती नेमकी त्या गाठोड्यावरच बसली.

"अहो भाऊ, हे काय टोचून राहिलं बुडाखाली?"

"काई नाही, माय. लोखंड हाय."

"लोखंड घेऊन भावाकडे चालले? बरे भाऊ हाय तुमी!" ती हसली. मग म्हणाली, "लोकं काईबाई बोलून राहिले तुमच्याबद्दल. म्या म्हटलं, माहे चाळीस रुपये पुंजाराम भाऊपाशी हायेत, मले चांगली झोप लागते."

व्याळ्याला ती उतरली. चिखलात बैल उभे होते. बाळापूर पुढे होते, तू पुढे होतास. मी कासरा ओढला. मग दमणी मागे वळवली.

तीन दिवस तसेच गेले. आज उन्हे वर आल्यावर गादी गुंडाळून भिंतीला उभी केली. वखारीतल्या चांगल्यातल्या चांगल्या कापसाची वात वळली. काडी दोनदा विझली.

पहिली आली ती माणिकबाई. "दिवसाढवळ्या दिवा काहून लावला, भाऊ?" तिला रिवाज ठाऊक नव्हता. मलाच सांगावे लागले. टोपली खाली ठेवून पायरीवर बसून राहिली. अजून बसली आहे.

तीनशे रुपये फडक्यासकट पंचांच्या हवाली केले. यादीत तुझे नाव तिच्या नावाखाली घातले आहे. रुपयामागे सहा आणे येतील म्हणतात. राहिलेले माझ्या रोजच्या आण्यातून, सगळ्यांबरोबर, माझे हात चालतील तोवर. यंदा तुझी विहीर होणार नाही. ती मी घेतली.

उद्या सकाळी भगवंतरावांच्या वखारीत जायचे आहे. भय गेलेले नाही. तुझ्या उत्तराचे त्याहून मोठे आहे.

दिवा लावला आहे. त्याच्याशेजारी बसूनच हे लिहिले.

तुझा गुन्हेगार आणि तरीही तुझा थोरला,
पुंजाराम