वरच्या मागच्या खोलीची मालकीण

४ मार्च

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

मंगळवार, ४ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. कर-कार्यालय, तळमजला, सात नंबरची खिडकी. तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ लिहावी, राग नंतर, असं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. तारीख लिहिली, वेळ लिहिली. आता राग.

हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाले, नर्सेस क्वार्टर्स सुटलं, तेव्हापासून मी भाड्याच्या खोल्या बदलते आहे हे तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी एक खोली आणि स्वयंपाकघर असा फ्लॅट बुक केला, हेही तुला कळवलं होतं. पहिलं घर घेणाऱ्याला सरकार त्याने भरलेल्या करातली काही रक्कम परत देतं. नोकरीभर माझा कर पगार हातात पडायच्या आधी कापला गेला, त्यामुळे ही भीक नव्हे. माझा शेवटचा हप्ता त्याच रकमेतून जायचा आहे. ३१ मार्चपर्यंत तो गेला नाही तर फ्लॅट दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाईल, हे बिल्डरने अगदी गोड हसून सांगितलं आहे.

खिडकीतल्या मुलीने माझा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि म्हणाली की आजी, हे तुमचं पहिलं घर नाही. मी तिला म्हटलं, बाळा, चष्मा लाव आणि परत बघ. तिने परत बघितलं. अण्णांच्या घराचे दोन मालक आहेत, तू आणि मी. शिवाय मी तिथे राहतेसुद्धा. वरची मागची खोली, गॅलरीसह, गेली सहा वर्षं. दरवर्षी तसं लिहून दिलेलं आहे आणि खाली सही तुझी आहे.

रांगेत माझ्यामागे उभा असलेला माणूस हसला. त्याचा काय दोष?

बाळ, त्या खोलीत मी कशी आहे? जेवते ना वेळेवर? एका छपराखाली सहा वर्षं राहून आपली जिन्यातसुद्धा गाठ पडू नये, म्हणजे कमालच आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या खुब्याचं हाड मोडलं आणि दीड महिना आसरा मागितला, तेव्हा तू म्हणालास की ताई, जागा कुठे आहे. माझ्या जुन्या वॉर्डातल्या आयांनी पाळ्या लावून माझं केलं. कागदावर मात्र मी तेव्हा तुझ्या डोक्यावरच झोपले होते.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी मुद्द्याला आले की तुला ऐकू येईनासं होतं. खुलासा लेखी हवा.

कळावे. लोभ वाढवावा अशी विनंती या खेपेला करत नाही.

तुझी,
ताई


८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून किती सुंदर आहे, मजकूर सोडला तर. इकडे सर्व ठीक. माझे गुडघे आपलं म्हणणं मांडत असतात. पाण्याचा पंप दोनदा जळला. तुझी भावजय तुझी रोज आठवण काढते.

आता त्या प्रकाराबद्दल. अण्णा गेल्यावर घर माझ्या नावावर करायला गेलो, तेव्हा तिथल्या साहेबांनी सगळ्या मुलांची नावं लावायला सांगितली. तुझं नाव नंतर काढता आलं असतं, पण म्हटलं, असू दे, बहिणीचं नाव आहे. भावनेचा प्रश्न होता. पुढे शेजारच्या वकिलांनी सुचवलं की साठी ओलांडलेली स्त्री मालक घरात राहत असेल तर घरपट्टी निम्मी होते. सगळेच करतात, ताई. यात तुझं काही गेलं नाही, माझं थोडं वाचलं.

तोडगा अगदी सोपा आहे. सोबत हक्कसोडपत्र पाठवतो आहे. जिथे खूण केली आहे तिथे सही कर, म्हणजे तुझा हिस्सा माझ्याकडे येईल आणि तू मोकळी. मात्र तू इथे राहत नाहीस वगैरे तिकडे काही बोलू नकोस. उगाच चौकशी लागायची, गल्लीत तोंड दाखवायची सोय राहायची नाही.

आणि खरं सांगू का, रागावू नकोस. या वयात एकट्या बाईला घर हवं तरी कशाला? भाड्याची खोली बरी. नळ गळला तर मालक बघतो.

तब्येतीस जप. लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझा,
बाळ


१२ मार्च

चि. बाळ यास,
आशीर्वाद.

तुझं हक्कसोडपत्र सही न करता परत पाठवते आहे. खूण फार सुबक केली आहेस, खोडायला जीव होईना.

काल पुन्हा सात नंबरला गेले. ती मुलगी आता मला ओळखते, खुर्ची देते. तिने समजावलं की आज हिस्सा सोडला तरी काल मी मालक होते, त्यामुळे हे घर पहिलं ठरत नाही. वाट एकच आहे. हिस्सा वारशाने आला असेल आणि तो आल्यापासून मी त्या घरात कधीच राहिले नसेन, तर सवलत मिळते. पण तसं प्रतिज्ञापत्र दुसऱ्या मालकाने करून द्यावं लागतं. म्हणजे तू. तू एक खरं वाक्य लिहून सही करायची: माझी बहीण अण्णांच्या पश्चात या घरात एक दिवसही राहिली नाही. ते लिहिलंस की सहा वर्षांची वाचवलेली घरपट्टी तुला परत भरावी लागेल. ती किती होते ते मी विचारूनच घेतलं. तुझ्या दिवाणखान्यातल्या नव्या सोफ्याहून कमी भरते.

आता घर कशाला हवं ते सांगते, कारण तू विचारलंस. अठराव्या वर्षी हॉस्टेलला गेले. तिथे दहाला दिवा बंद. मग क्वार्टर्स. तिथे भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कुणी भेटायला आलं तर वहीत लिहायचं. मेट्रन झाल्यावर ती वही मीच तपासायची, आणि मला भेटायला कोण आलं तेही मीच लिहायची. आताची घरमालकीण माझ्या आंघोळीचं पाणी मोजते. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या दारातून आत गेले आणि जाताना किल्ली परत केली. नळ गळला तर मला स्वतः प्लंबरशी भांडायचं आहे, बाळ. या वयात एकट्या बाईला एवढी तरी चैन असावी.

पुरुषाला या वयात घर कशाला हवं, असं तुला कधी कुणी विचारलं आहे का, तेही कळव.

तुझी,
ताई


१७ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी दोनदा वाचलं आणि वर्तमानपत्राखाली सरकवलं. वर्तमानपत्र रोज मीच उचलते, तेव्हा मीही वाचलं. माफी मागत नाही.

मी यांना म्हटलं की सही करून टाका, खोटं थोडंच लिहायचं आहे. हे म्हणाले की घरातली गोष्ट सरकारला कशाला सांगायची. मी म्हटलं, सरकारला तुम्ही दरवर्षी सांगताच आहात, फक्त उलटं. त्यावर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घर फार शांत होतं, पंपसुद्धा चालला.

तुमच्यापासून लपवायचं नाही म्हणून लिहिते. ती मागची खोली सात वर्षं एका नकाशे काढणाऱ्याला भाड्याने दिली आहे. त्याचं टेबल एवढं मोठं आहे की आत आणून जोडावं लागलं. तुमचा खुबा मोडला तेव्हा मी म्हटलं होतं की त्याला दोन महिने खाली बसवू, वन्संना वर ठेवू. तेव्हा माझं कोण ऐकतंय. आणि मी नेट धरला नाही, हेही खरंच.

तुमच्या पत्रामुळे मला एक नवीनच कळलं. मालक दोनच, हे आणि तुम्ही. तीस वर्षं त्या जिन्याला फडकं मी मारते, गच्चीचं डांबर माझ्या बांगड्या मोडून झालं, आणि माझं नाव कुठेच नाही. तुम्ही राहत नाही आणि मालकीण, मी राहते आणि कुणीच नाही. हसू आलं, मग रात्री झोप आली नाही.

काल जेवताना हे ताटावरून ओरडले की एवढंच असेल तर यावं म्हणावं तिने राहायला, घर तिचंच आहे, अस्संच लिही तिला. यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. बाकी तुम्ही शहाण्या आहात.

लोभ आहेच, तो मागायची गरज नाही.

तुमची,
भावजय


२१ मार्च

चि. बाळ यास,
आशीर्वाद.

राहायला येण्याचं तुझं आमंत्रण मिळालं. स्वीकारलं आहे. टेम्पो ठरवला, शनिवार, २९ मार्च, सकाळी नऊ. लोखंडी पलंग, कपाट, पुस्तकांच्या दोन पेट्या आणि मी. नकाशेवाल्याचं टेबल दारातून निघत नसेल तर राहू दे, मला टेबलाचा त्रास नाही. त्याचं अर्धं भाडं मात्र माझं, सात वर्षांचं. शेजारच्या वकिलांना चहाला बोलव. त्यांच्याच सल्ल्याने मी तिथे राहते आहे, त्यांनी मला एकदा बघायला तरी हवं.

येण्याची मला हौस नाही. मला माझ्या दाराची किल्ली हवी आहे, तुझ्या नको. सरकारला दिसेल तिथे तू मला मालकीण केलंस आणि मला दिसेल तिथे पाहुणी, तीही नको असलेली. घरपट्टीचा फरक भरताना तुला एक दुपार लाज वाटेल. माझा फ्लॅट गेला तर दुसरा मिळायचा नाही. सहासष्टाव्या वर्षी बँक दारात उभं करत नाही.

हिस्सा मला नको, हे तू बरोबर ओळखलंस. सवलत हातात पडली की तो मी सोडीन, पण तुझ्या नावाने नाही. माझा अर्धा भाग तुझ्या बायकोला जाईल. त्याला बक्षीसपत्र म्हणतात, मी विचारून घेतलं आहे. ते कच्चं लिहून तयार आहे, आणि तिला कळवणारं पत्र याच टपालाने वेगळं टाकलं आहे. तेव्हा हे वर्तमानपत्राखाली सरकवायची तसदी घेऊ नकोस. तू सही केलीस तर घरात एक मालकीण येईल जी खरोखर तिथे राहते. नाही केलीस तर शनिवारपासून त्या घरात आम्ही दोघी असू.

आईच्या मागे मी तुला वाढवलं, म्हणून आशीर्वाद देणं सुटत नाही. एवढाच लोभ सध्या शिल्लक आहे, तो पुरवून वापर.

सही केलेलं प्रतिज्ञापत्र शुक्रवार, २८ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. ते सोमवारी सकाळी सात नंबरला दिलं की मंजुरीचा कागद त्याच दिवशी मिळतो, आणि बिल्डरला तो चालतो. नाही म्हणायचं असेल तर तेही लेखी, कारणासकट, त्याच वेळेच्या आत. फोन करू नकोस. या खेपेला मला ऐकू येणार नाही.

तुझी सहमालक,
ताई